दोन्ही अर्थांनी 'निदान'

मराठीच्या प्राध्यापकाला उभ्या आयुष्यात सर्वांत अधिक वाचावे लागते ते साहित्य नव्हे, उत्तरपत्रिका. वर्षातून दोनदा गठ्ठे येतात, तपासण्याची मुदत ठरलेली असते आणि हळूहळू वाचनाची एक निराळीच सवय अंगी मुरते. डोळा आशयाकडे न वळता ऱ्हस्व-दीर्घाकडे वळतो, मुद्दे मोजतो. हात समासात शेरा ओढतो आणि पान उलटतो. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात आम्ही दोघे गेली अठरा-वीस वर्षे शिकवीत आहोत. आमच्यापैकी एकाला विद्यार्थी 'सर' म्हणतात आणि एकीला 'मॅडम'. पुढे जे लिहिले आहे ते दोघांचे मिळून आहे, कारण ती चूकही दोघांची मिळून होती. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मात्र आम्ही बदलले आहेत.

२०१८ च्या हिवाळ्यात प्रथम वर्षाच्या अंतर्गत परीक्षेत 'पाऊस' ह्या विषयावर निबंध विचारला होता. एका मुलाने दीड पान लिहिले. सुरुवात नेहमीची : मृगाची वाट, मातीचा वास, शाळेला सुट्टी. दुसऱ्या परिच्छेदात त्याने लिहिले होते की, पाऊस झाला की घरातली सगळी माणसे आनंदतात, पण आपल्याला मात्र वाटते, आपण नसतो तर बरे झाले असते, घरात एक ताट कमी लागले असते. आमच्यापैकी एकाने ह्या वाक्यातील दोन शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारले, समासात 'विषयांतर टाळा' असा शेरा लिहिला आणि दहापैकी सहा गुण दिले. दुसऱ्याने गुणांची बेरीज पडताळून सही केली.

फेब्रुवारीत त्या मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला. चुलतीच्या वेळीच लक्षात आले म्हणून तो वाचला. महाविद्यालयात मात्र तो परत आला नाही. त्याचे नाव कळताच आम्ही कपाटातून गठ्ठा काढला. शेरा आमच्याच अक्षरात होता. वास्तविक त्या पानावर विषय तेवढाच होता. बाकीचा सारा पाऊसच विषयांतर होता. हेच वाक्य एखाद्या कथेतील पात्राच्या तोंडी असते तर आम्ही त्यावर वर्गात तासभर बोललो असतो. 'एक ताट' ही प्रतिमा फळ्यावर लिहून तिच्याखाली रेघ ओढली असती. ते वाक्य समोरच्या बाकावर बसणाऱ्या मुलाने लिहिले होते, म्हणून ते आम्हाला वाचता आले नाही.

त्याच आठवड्यात त्याचा एक मित्र विभागात आला. दोघे एकाच गावचे, रोज एकाच एसटीने येणारे. तो बराच वेळ दाराशी उभा राहिला आणि मग म्हणाला, "सर, त्यानं मला सांगितलं होतं. दोन-तीनदा सांगितलं होतं. मी म्हणलो, येड्यासारखं बोलू नको, चल चहा घेऊ. मला काय बोलायचं असतं तेच माहीत नव्हतं." त्याला आम्ही काय उत्तर दिले ते आज आठवत नाही. बहुधा 'तुझा दोष नाही' असे काहीतरी म्हटले असावे. पण त्याचे शेवटचे वाक्य आमच्याजवळ राहिले. त्या मुलाने मदत मागितली नव्हती असे नाही. एकदा कागदावर मागितली होती, दोन-तीनदा एसटीच्या बाकावर मागितली होती. ऐकणारे दोन्ही ठिकाणी अडाणी निघाले.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हे आकडे आता चर्चासत्रांच्या बीजभाषणांत वारंवार येतात. आमच्यापुरता हा प्रश्न एवढ्या मोठ्या आकड्याचा नव्हता. आमच्या महाविद्यालयात 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती, पाटीमागे खोली होती, खोलीत क्रीडा विभागाचे जुने साहित्य होते. समुपदेशक नव्हता. मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे एसटीने दीड तासावर. अशा गावात मूल पहिल्यांदा बोलणार ते शेजारच्या मुलाशीच. मग त्या शेजारच्या मुलालाच ऐकायला शिकवता येईल का, एवढाच प्रश्न होता. टाळेबंदीची दोन वर्षे गेली आणि २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही त्या प्रश्नाला हात घातला.

हा विचार काही आमचा नव्हे. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड वारा ह्या धर्मोपदेशकाने जीव देण्याच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सुरू केला, तेव्हा बोलणार तो स्वतःच होता. पण भेटायला येणाऱ्यांची रांग लागू लागली, आणि त्या रांगेतल्यांना चहा देणारी, त्यांच्याजवळ बसणारी काही साधी स्वयंसेवक माणसे होती. काही दिवसांतच त्याच्या ध्यानात आले की, पुष्कळ जण त्या चहाबरोबरच बोलून मोकळे होतात आणि त्याला न भेटताच जातात. काही महिन्यांत त्याने ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांकडे सोपवले. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात 'आत्मीयता' ह्या प्रकल्पाने गावातल्याच माणसांना शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दुःख ऐकायला शिकवले. आणि झिंबाब्वेतील हरारे येथे डिक्सन चिबांडा ह्या मनोविकारतज्ज्ञाने २००६ पासून चक्क आज्यांना शिकवले. दवाखान्याच्या आवारातील बाकावर आजी बसते, दुःखी माणूस शेजारी येऊन बसतो. त्याचीही सुरुवात एका गमावलेल्या रुग्णापासूनच झाली होती. तिच्याजवळ दवाखान्यापर्यंत येण्यासाठी बसभाड्याचे पैसे नव्हते.

ह्या शेवटच्या उदाहरणातील एक गोष्ट आम्हा भाषेच्या शिक्षकांना विशेष वाटली. त्या आज्या 'नैराश्य' हा शब्द वापरीत नाहीत. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ, फार विचार करणे. तिथल्या माणसाला आपले दुखणे त्या शब्दात ओळखू येते, म्हणून बोलणे त्या शब्दापासून सुरू होते. हे वाचले आणि आम्हाला आमचे विद्यार्थी आठवले. 'मी नैराश्यग्रस्त आहे' असे आजवर कोणीही आमच्यापाशी म्हणालेले नाही. 'डोक्यात इचार थांबत नाहीत', 'कशातच मन लागंना', 'नको नको झालंय', 'उगंच रडू येतंय' हे मात्र आम्ही कितीदा तरी ऐकले होते. ऐकले होते म्हणण्यापेक्षा कानावरून जाऊ दिले होते.

पहिल्या तुकडीसाठी वीस विद्यार्थी निवडले. निवडीचा निकष आम्ही ठरवला नाही. प्रत्येक वर्गाला एकच प्रश्न चिठ्ठीवर विचारला : 'तुम्हाला काही खुपत असेल तर वर्गातल्या कोणाशी बोलाल?' ज्यांची नावे वारंवार आली त्यांत वक्तृत्व स्पर्धा गाजवणारे कोणी नव्हते. वर्ग-प्रतिनिधी नव्हता. मागच्या बाकावरचा, दोन विषय राहिलेला एक मुलगा होता आणि मेसमध्ये भाकऱ्या करायला मदत करणारी एक मुलगी होती. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक मानसशास्त्रज्ञ बाई शिकवायला येऊ लागल्या. चार शनिवार, दरवेळी तीन तास. आपण आयोजक आहोत, ह्या समजुतीने आम्ही दोघे मागे खुर्च्या टाकून बसलो. बाईंनी आम्हाला उठवून गोलात बसवले.

पहिलाच खेळ साधा होता. जोड्या पाडायच्या, एकाने तीन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने केवळ ऐकायचे आणि मग जे ऐकले ते त्याच्याच शब्दांत परत सांगायचे. आमच्यापैकी एकाच्या वाट्याला पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा आला. सोळाशे मीटर धावण्यात आपण थोडक्यात कसे मागे पडलो आणि घरी कोणी काही बोलले नाही ह्याचाच कसा जास्त त्रास झाला, हे तो सांगत होता. तीन मिनिटे संपायच्या आतच आम्ही म्हणून गेलो, "निदान लेखीची तयारी तरी झाली ना!"

बाईंनी हात वर केला. सगळे थांबले. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : निदान. मग म्हणाल्या, "हा शब्द ह्या खोलीत वापरायचा नाही. निदान आईवडील तरी आहेत, निदान पास तरी झालास, निदान एवढ्यावरच निभावलं. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण धीर देतोय. सांगणाऱ्याला ऐकू येतं की, तुझं दुःख मोजून झालं, ते जरा कमी भरलं." फळ्यावर त्या शब्दाखाली हळूहळू इतर शब्द जमत गेले : 'त्यात काय एवढं', 'मन घट्ट कर', 'सगळं ठीक होईल', 'असं बोलू नये', 'आमच्या वेळी'. हा शेवटचा विद्यार्थ्यांनी सुचवला, आमच्याकडे पाहून.

तिसऱ्या शनिवारी तोच शब्द दुसऱ्या दारातून परत आला. एक मुलगी आपल्या मैत्रिणीविषयी सांगताना म्हणाली, "मॅडम, तिला डिप्रेशन आहे." बाईंनी शांतपणे विचारले, "हे कोणी सांगितलं तुला? तू काय पाहिलंस ते सांग." मुलगी अडखळली, मग सांगू लागली. मैत्रीण पाच दिवस मेसला जेवली नाही, तासाला येते पण वही उघडत नाही, आवडता दुपट्टा दुसरीला देऊन टाकला. बाई म्हणाल्या, "हे तुझं काम. पाहायचं, ऐकायचं, आणि गरज पडली तर पुढं पोचवायचं. निदान करणं डॉक्टरांचं काम." बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आले की, फळ्यावरचा शब्द हाच आहे. वर्ग हसला. पण आम्हा दोघांना ते शब्दकोशातील एक नोंद उलगडल्यासारखे झाले. निदान म्हणजे किमानपक्षी, आणि निदान म्हणजे रोगाची पारख. एकात दुःख लहान करायचे, दुसऱ्यात त्याला नाव देऊन बंद करायचे. सोबत बसणाऱ्याला दोन्ही निषिद्ध.

आणि मग असे जाणवले की, साहित्याचे अध्यापन करताना आम्ही वर्षानुवर्षे दुसऱ्या अर्थाचे निदानच करीत आलो आहोत. पात्र दिसले की परात्मता, नायक गप्प बसला की अस्तित्ववादी जाणीव, नायिका रडली की दमन. विद्यार्थीही हेच शिकतात आणि परीक्षेत हेच लिहितात. संज्ञेचे बूच बसले की पात्राचे ऐकावे लागत नाही. समीक्षेला संज्ञा लागतात हे आम्हाला मान्य आहे; संज्ञेशिवाय शिस्त नाही. पण संज्ञा वाचनाच्या शेवटी यावी की सुरुवातीला, हा प्रश्न आम्हाला पंचेचाळिशीच्या आसपास, एका मानसशास्त्राच्या वर्गात पडावा ह्याची थोडी लाज वाटली.

भाषेविषयीच्या अशा कितीतरी गोष्टी त्या चार शनिवारी निघाल्या. 'का' हा प्रश्न घ्या. 'का रडतेस?', 'का नाही जेवलास?' मराठीत 'का' विचारला की त्यात नकळत जाब विचारण्याचा सूर येतो. सांगणारा कारणे देऊ लागतो, म्हणजे बचाव करू लागतो. 'काय झालं?' म्हटले की तो घडलेले सांगतो. 'कधीपासून असं वाटतंय?' म्हटले की मागे जाऊन पाहतो. एका अक्षराने संभाषणाची दिशा बदलते, हे आम्ही व्याकरण शिकवताना कधी सांगितले नव्हते.

सर्वांत कठीण गेला तो थेट प्रश्न. कोणी जीव नकोसा झाल्याचे सुचवत असेल तर त्याला तसे स्पष्ट विचारावे, असे बाईंनी सांगितले तेव्हा वर्ग गप्प झाला. एका मुलाने धीर करून विचारले, "पण मॅडम, नसलंच डोक्यात तर आपण विचारून उलट भरवल्यासारखं होईल ना?" ही भीती सार्वत्रिक आहे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, असेच आजवरचे संशोधन सांगते. उलट पुष्कळांना कोणीतरी नाव घेऊन विचारल्याची सुटका वाटते. पण विचारायचे कोणत्या शब्दांत? मुलांनी पहिले वाक्य तयार केले : 'स्वतःचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?' बाई म्हणाल्या, हे चालणार नाही. ह्यात त्याला निसटायला वाट आहे आणि तुम्हालाही. एक मुलगा लगेच म्हणाला, "खरंय, आमच्याकडं म्हशीला काही झालं तरी बरंवाईटच म्हणतात." 'आत्महत्या' हा शब्द वर्तमानपत्राचा, तो तोंडी कोणी वापरीत नाही, आणि त्यात 'हत्या' बसलेली आहे. कायद्याने ती हत्या उशिरा का होईना बाजूला केली : मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ असे गृहीत धरतो की, प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि प्रयत्नालाच गुन्हा मानणारे दंड संहितेतील ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत त्या रूपात उरलेले नाही. भाषेतून मात्र ती अजून गेलेली नाही. अखेर अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर मुलांनी आपले वाक्य ठरवले : 'तुला जीव द्यावासा वाटतो का?' ते मोठ्याने म्हणण्याचा सराव करायचा होता. वीस जणांतले सहा-सात जण पहिल्या वेळी वाक्य पूर्ण करू शकले नाहीत. आम्ही दोघेही त्यांतच होतो.

येथे आम्हाला आमच्याच विषयातले एक जुने बोलणे आठवले. आम्ही दरवर्षी काव्यशास्त्राच्या तासाला 'सहृदय' ही संकल्पना शिकवतो; आणि न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी'ही शिकवतो. वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी एकरूप होतो, पण आपली जाणीव सोडत नाही. त्याच्यात राहतो आणि आपल्यातही राहतो. साहित्यानंदाचे स्पष्टीकरण म्हणून ही कल्पना कितपत पुरते, ह्यावर मराठीत पुष्कळ वाद झाला आहे आणि तो आम्ही टिपणांसह शिकवतो. पण बाई जेव्हा म्हणाल्या, "तिच्याबरोबर विहिरीच्या काठावर बसा, आत उतरू नका", तेव्हा आम्हाला वाटले की केळकरांची कल्पना इतक्या थोडक्यात आम्हाला कधी सांगता आली नव्हती. फरक एकच : पुस्तक मिटता येते. समोरचे माणूस मिटता येत नाही.

आणि ह्या फरकातच पुढचे सारे होते.

मुलांना काय म्हणावे ह्यावर बरीच चर्चा झाली. 'समुपदेशक' म्हणणे खोटे, 'स्वयंसेवक' म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर. शेवटी 'सोबती' हे नाव ठरले. सोबत्यांना तीन गोष्टी पक्क्या सांगितल्या होत्या. गुपित राखायचे, मात्र जिवाचा धोका वाटला तर राखायचे नाही, आणि हे आधीच सांगायचे. धोका असलेल्याला एकटे सोडायचे नाही. आणि स्वतः एकट्याने काही निस्तरायचे नाही.

डिसेंबर २०२३. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. आमच्यापैकी एकीच्या दाराशी वसतिगृहाच्या रखवालदाराची बायको आणि तिच्यामागे दुसऱ्या वर्षातील एक सोबती मुलगी उभी होती. घरात न येताच ती म्हणाली, "मॅडम, मी शपथ मोडायला आलेय."

तिच्या शेजारच्या खोलीतील, पहिल्या वर्षाची मुलगी. आईवडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेले, फडावर फोन लागेल तर लागेल. दोन आठवडे ती नीट झोपली नव्हती. त्या रात्री तिने सोबती मुलीला बोलावले आणि आधी शपथ घातली : कुणाला सांगायचे नाही. आधी सांगायचे ते वाक्य सोबतीला पाठ होते. पण समोर मैत्रीण रडत होती, तिने हात पुढे केला होता, आणि हिने शपथ घेतली. मग ऐकले. मग ठरवलेला प्रश्न विचारला. उत्तर 'हो' असे आले. तेव्हा दुसऱ्या सोबती मुलीला निमित्त काढून तिथे बसवून ही थेट आमच्या दारी आली होती.

पुढचे थोडक्यात सांगता येईल, कारण ते शिकवल्याप्रमाणे झाले. अधीक्षिका बाईंना घेऊन आम्ही वसतिगृहावर गेलो. १४४१६ ह्या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर बोललो. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही शासकीय सेवा रात्रंदिवस सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. त्या मुलीशी तिथल्या समुपदेशकाने पाऊण तास बोलणे केले. रात्रभर तिच्याजवळ कोणी ना कोणी होते. सकाळी आम्ही तिला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. दुपारी तिचे चुलते आले. औषधे सुरू झाली. ते वर्ष वाया गेले, पण पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसली.

मात्र सोबती मुलीशी ती बोलेनाशी झाली. समोरून आली तर मान वळवायची. रुग्णालय, चुलते, गावात झालेली कुजबुज हे सारे त्या मोडलेल्या शपथेतून आले, असे तिला वाटत होते. आणि तिच्या बाजूने पाहिले तर ते खोटे नव्हते. जानेवारीत एकदा सोबती विभागात आली. डोळ्यांखाली काळे झाले होते. म्हणाली, "मॅडम, ती जिवंत आहे. पण माझी मैत्रीण राहिली नाही. मला रात्री सारखं वाटतं, मी पाच मिनिटं उशिरा निघाले असते तर. आणि कधी वाटतं, शपथच घेतली नसती तर." ती एकोणीस वर्षांची होती.

त्या दिवशी आम्हा दोघांत मोठा वाद झाला. एकाचे म्हणणे : हे बंद करायला हवे. पगारी, प्रशिक्षित माणसाने करायचे काम आपण फुकटात पोरांच्या खांद्यावर टाकले आहे. संस्थेलाही ते सोयीचे आहे, कारण आता पाटीमागची खोली रिकामी नाही असे दाखवता येते. दुसऱ्याचे म्हणणे : पोरांच्या खांद्यावर ते आधीपासूनच आहे. एसटीतल्या त्या मुलाला कोणीही सोबती म्हणून नेमले नव्हते, तरी ओझे त्याच्याच वाट्याला आले, आणि ते कसे धरायचे हे माहीत नसल्यामुळे तो अजून ते वाहतो आहे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. आजही आहेत. वाद मिटला असे आम्ही म्हणणार नाही. त्यातून काही नियम तेवढे निघाले.

सोबती आता एकटा नसतो, जोडीनेच नेमला जातो. दर शनिवारी अर्धा तास आम्ही दोघे त्यांचे ऐकतो. कोणाची नावे घ्यायची नाहीत, स्वतःला काय झाले ते सांगायचे. महिन्यातून एकदा बाई येतात. 'आता मला जमणार नाही' असे म्हणून कोणीही, कधीही, कारण न सांगता बाजूला होऊ शकतो. गेल्या वर्षी तिघे झाले आणि त्यांचे आम्ही आभार मानले. परीक्षेच्या काळात सोबत्यांना सुट्टी असते, त्या दिवसांत आमचे दूरध्वनी सुरू असतात. प्रमाणपत्र नाही, गुण नाहीत. ते मिळू लागले की वक्तृत्ववाले येतील, अशी आम्हाला भीती आहे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि अध्यापक व कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. ह्या दोन ठिकाणी 'निदान' शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. येथे तो शोभतो. निकालाची प्रत अर्जाला जोडून आम्ही संस्थेकडे दिली आहे. आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक येऊ लागला आहे. क्रीडा साहित्य हलवले गेले. सोबती हे त्याला पर्याय नव्हेत, त्याच्या दारापर्यंत चालत येणारी माणसे आहेत, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. कारण ते विसरणे सर्वांना सोयीचे असते. आम्हालाही.

त्या दोघी मुलींचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. समेट वगैरे काही झाला नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही बसस्थानकावर उभे होतो. गाडी लागली, झुंबड उडाली. शपथ घातलेली ती मुलगी आधी आत शिरली आणि तिने खिडकीतून शेजारच्या जागेवर ओढणी टाकली. मागून सोबती चढली. तिने ओढणी उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि बसली. त्या काही बोलल्या की नाही ते गाडी निघाल्यामुळे कळले नाही.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अजून येतातच. मागच्या परीक्षेत एका मुलाने निबंधात लिहिले होते की, आपल्या घरात आपण जुन्या कॅलेंडरासारखे खिळ्याला लटकून आहोत. आम्ही लाल पेन खाली ठेवले आणि समासात पेन्सिलीने लिहिले, 'तास संपल्यावर भेटशील का?' तो भेटायला आला. आम्ही जपून, शिकवलेल्या पद्धतीने, 'का' टाळून विचारले. तो आधी गोंधळला, मग हसू दाबत म्हणाला, "सर, तसं काही नाही. उपमा द्या म्हणून तुम्हीच वर्गात सांगितलं होतं." आमची चांगलीच फजिती झाली. ठरवलेला प्रश्नही विचारला; तो 'नाही' म्हणाला, आणि ते खरे वाटले. उपमेला गुण द्यावे लागले.

मग चहा मागवला. चहा येईपर्यंत तो सहज घरचे सांगू लागला. थोरला भाऊ, विकलेली बैलजोडी, वडिलांचे हल्ली कमी झालेले बोलणे. अर्धा तास तो बोलत होता. आम्ही मध्ये बोललो नाही.